सगळेच सांभाळायला

सकाळपासून सूनबाईच्या हाताला स्वस्थता नव्हती. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये हात स्वस्थ नसणं म्हणजे आचाऱ्याला सर्दी होण्यासारखं. काम चालू राहतं, पण काय चाललंय ते कळत नाही. समोर गुलाबी मेणाची कमान, चिमट्यात एकेक दात, आणि तिने डावीकडचा सुळा उजवीकडे बसवून ठेवला होता.

"हा माणूस हसला तर पोरं रडतील," शेजारच्या बाकावरची बाई म्हणाली.

सूनबाईने सुळा उपटला, पुसला, मेण पुन्हा तापवायला घेतलं, तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. सासूबाई रोज जायच्या त्या केंद्राचा फोन होता.

"घाबरू नका," केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या. ज्या फोनची सुरुवात 'घाबरू नका'ने होते त्याचा शेवट धड होत नाही, हे एव्हाना तिला पाठ झालं होतं. "सासूबाई ठणठणीत आहेत. पण तुम्ही दुपारच्या आत या. तपासणीच्या बाई आज पुन्हा येतायत. मागच्या वेळी झालं तेच आजही झालं, तर केंद्र बंद झालं समजा."

"मागच्या वेळी काय झालं?"

"ते फोनवर नाही सांगण्यासारखं. या तुम्ही."

केंद्र बंद झालं समजा. सूनबाईला समजायचं नव्हतं. केंद्र बंद म्हणजे तिची नोकरी बंद, नाहीतर सासूबाईंची रवानगी वृद्धाश्रमात. नणंदबाईंनी तो लांब बसून फोनवर शोधूनही ठेवला होता. "बाग आहे गं मोठी," नणंदबाई म्हणाल्या होत्या. बाग होती, पण आपल्या भाषेतला एक शब्द बोलणारं माणूस त्या बागेत औषधालाही नव्हतं. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. तो म्हणायचा, "तू बघ ना काय ते." ती बघतच होती, लग्न झाल्यापासून.

तिने कोट घातला तेव्हा लॅबचा मालक फक्त घड्याळाकडे बघून खोकला.

बसमध्ये जागा होती, तरी ती उभीच राहिली. बसलं की बस हळू चालते असं तिला वाटायचं.

केंद्र म्हणजे वाचनालयाच्या माडीवरचा एक लांबट हॉल. या शहरात आपली भाषा बोलणारी माणसं मूठभर, त्यातली म्हातारी चिमूटभर. पण त्या चिमूटभरांच्या घरची सगळी सकाळी कामाला निघायची, आणि म्हातारी माणसं दिवसभर भिंतींशी बोलत बसायची. ताईंनी पालिकेत खेटे घालघालून हा हॉल मिळवला होता. सकाळी आणून सोडायचं, संध्याकाळी घेऊन जायचं. मधल्या वेळात आपल्या भाषेत गप्पा, आपल्या चवीचं जेवण, आपल्या पद्धतीची भांडणं. पालिकेने 'चालवून तर बघा' एवढंच म्हटलं होतं.

त्याआधी सूनबाईने सासूबाईंना सगळ्यांसाठीच्या सरकारी केंद्रात घालून पाहिलं होतं. तिथली माणसं वाईट नव्हती. पण तिथली एक मदतनीस पोर सासूबाईंना सरळ नावाने हाक मारायची. जे नाव नवऱ्याने उभ्या जन्मात चारचौघांत घेतलं नाही, ते एक परकी पोर हॉलच्या त्या टोकावरून ओरडते म्हटल्यावर सासूबाई दचकून उभ्याच राहायच्या. "मला वाटतं पोलीस आले," त्या म्हणायच्या. वर हातात रंगीत पेन्सिली आणि फुलपाखरांचे कागद. "मी काय बालवाडीत आहे? चार पोरं वाढवली मी." त्या आठवडाभरही टिकल्या नाहीत.

मग घरी एकट्या राहू लागल्या. एकदा गॅसवर पातेलं जळून कोळसा झालं आणि शेजारच्या खोलीत बसून त्यांना वास आला नाही. एकदा सपाता घालून बाहेर पडल्या, आणि दोन रस्ते पलीकडच्या बसथांब्यावर सापडल्या. पोलिसाला त्यांना घराचा पत्ता सांगता आला नाही. पण आपल्या भाषेत त्याला चहा घेणार का म्हणून विचारलं.

म्हणून जेव्हा ताईंचं केंद्र निघालं तेव्हा सूनबाईने डोकं लढवलं. "आई," ती म्हणाली, "तिथे म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतायत हो. बघायला कुणी नाही. तुमच्यासारखं अनुभवी माणूस त्यांना हवंय."

सासूबाईंनी बराच विचार केला. "पगाराचं नाव काढायचं नाही म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि कामावर न्यायला नवी पर्स मागितली.

तेव्हापासून त्या रोज सकाळी सूनबाईच्या आधी तयार असायच्या. "चल, चल, तिकडे खोळंबले असतील सगळे."

आता सूनबाई जिना चढून वर आली. हॉलमध्ये खुर्च्या भरपूर होत्या आणि बसलेलं एकही माणूस नव्हतं. हे तिने रोजच पाहिलं होतं, पण रोज घाईत. आज उभी राहून पाहिलं. मास्तर, म्हणजे जन्मभर शिवणकाम केलेले टेलर, एका आजोबांच्या खांद्यावरची शाल पुन्हा पुन्हा सारखी करत होते. आजोबा ती पुन्हा पुन्हा काढून मास्तरांच्या खांद्यावर घालत होते. हेडबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, दिसेल त्याला दरडावून विचारत होत्या, "पाणी प्यालात का? नाही? मग प्या!" एकेकाळी बसमध्ये कंडक्टर असलेले एक गृहस्थ दोघातिघांना पॅसेजमध्ये फिरवून आणत होते. "चला, पुढे चला, दारात गर्दी करू नका." आणि सासूबाई पदर खोचून चहाचे कप वाटत फिरत होत्या. ज्याला कप द्यायच्या तो "आधी तुम्ही घ्या" म्हणून त्यांच्याच हातात परत द्यायचा. चहा निवत होता, माणसं भिरभिरत होती. बघूनच पाय दुखावेत.

ताईंनी तिला ओढत पँट्रीत नेलं आणि दार लोटलं.

"मागच्या वेळी बाईंनी एकेकाला विचारलं, तुम्हाला इथे यायची गरज का पडते? मास्तर म्हणाले, मी म्हाताऱ्यांकडे बघायला येतो. हेडबाई म्हणाल्या, माझी इथे देखरेख असते. कंडक्टर म्हणाले, मी नसलो तर ही माणसं हरवतील. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, काय करणार, सगळे थकलेत बिचारे, मी आहे म्हणून चाललंय." ताईंनी कपाळाला हात लावला. "शेवटी बाई मला म्हणाल्या, तुमचे कर्मचारी फार प्रेमळ आहेत, पण म्हातारे कुठे आहेत?"

सूनबाई हसली आणि मध्येच थांबली. "ताई, आईंना मीच तसं सांगितलं होतं."

"तुम्ही एकट्या कुठल्या! घरोघरी मातीच्या चुली. मी तेव्हाच बाकीच्या सगळ्या घरी फोन करून विचारलं, तुमचाच राहिला. सगळ्यांनी हेच सांगितलंय. कुणी कुणाला विचारलं नाही, काही नाही, सगळ्यांना एकच थाप सुचली. आईबापांना दिवसभर दुसऱ्याच्या हवाली करतोय, हे त्यांच्या तोंडावर म्हणायची छाती कुणाची झाली नाही."

"मग आम्ही सांगतो ना बाईंना."

"नातेवाइकांचं चालत नाही. ज्याचं त्याने स्वतः म्हणायचं, मला गरज आहे. नाहीतर त्यांच्या हिशेबी इथे गरज असलेलं कुणी नाहीच."

"आईंना खरं सांगितलं तर त्या उद्यापासून पाय ठेवणार नाहीत इथे."

"आणि नाही सांगितलं तर उद्यापासून पाय ठेवायला इथे काही उरणार नाही." ताई खाली बसल्या. "सकाळपासून सगळ्यांना फोन केले. उचलले तिघांनी, आल्या तुम्ही एकट्या. बघा आता."

बघा. हिलाच बघायला सांगत होते सगळे.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. तपासणीच्या बाई पन्नाशीच्या, दमलेल्या, नाक लाल झालेल्या होत्या. दुष्ट नव्हत्या, दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, सूनबाईला वाटलं, निदान रागावता तरी आलं असतं. सोबत टाय लावलेला एक दुभाषी होता. त्याचं मराठी स्वच्छ होतं, इस्त्री केल्यासारखं.

"सर्वांनी कृपया बसून घ्यावं," तो म्हणाला.

कुणी बसेना. जो तो खुर्ची ओढून दुसऱ्याला बसवायला धावला. मास्तरांनी हेडबाईंसाठी खुर्ची धरली, हेडबाईंनी ती कंडक्टरांकडे सरकवली, कंडक्टर म्हणाले, "लेडीज सीट आहे." तपासणीच्या बाई आपल्या खुर्चीत बसून हा तमाशा बघत नाक पुसत होत्या. शेवटी सगळे उभेच राहिले.

सूनबाई दाराशी, कोट अडकवायच्या खुंट्यांजवळ उभी होती. सासूबाईंनी तिला पाहिलं आणि भुवया उंचावल्या. तू आत्ता इथे कशी? तिने मानेनेच 'काही नाही' म्हटलं.

"ज्यांना आपली काळजी घेतली जावी म्हणून इथे यावं लागतं, त्यांनी हात वर करावा," दुभाषी म्हणाला.

कुणी हात हलवला नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. मास्तरांनी शालवाल्या आजोबांना कोपराने ढोसलं, "करा ना वर, लाजायचं काय त्यात?" आजोबांनी उलट मास्तरांना ढोसलं.

"आणि जे इतरांची काळजी घेण्यासाठी येतात, त्यांनी."

सगळे हात वर गेले. झटक्यात, हौसेने. सासूबाईंचा तर बांगड्यांसकट कोपरापर्यंत.

हात वर आणि माना वळलेल्या, अशी ती सगळी क्षणभर उभी राहिली. हेडबाईंनी सवयीने हात मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबल्या. कंडक्टर हळूच म्हणाले, "मग पॅसेंजर कोण?"

तपासणीच्या बाईंनी पेनाचं टोपण लावलं. काही बोलल्या. दुभाष्याने घसा साफ केला. "बाई म्हणतात, त्यांना वाईट वाटतं, परंतु—"

"आई," सूनबाई म्हणाली. "तो हात खाली घ्या. आधीच्या प्रश्नाला करा वर."

"का म्हणून?"

"मी तुम्हाला इथे कामाला नाही पाठवलं. सांभाळायला ठेवलंय."

नातेवाइकांनी बोलू नये असं दुभाषी म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

"मला?" सासूबाई म्हणाल्या.

"पातेलं जळलं ते आठवतं? बसथांब्यावर सापडलात ते? तुम्हाला घरी एकटं ठेवून माझा हात चालत नाही, आई. माझा जीव खालीवर होतो. तुम्ही ऐकलं नसतं म्हणून थाप मारली."

"चारचौघांत सांगतेस?"

"हो. वेळच नाही दुसरी."

सासूबाईंचा हात अजून वरच होता. तो त्यांनी हळूहळू खाली आणला, आणि कुठे ठेवावा ते न कळून पदर सारखा केला. पुन्हा वर काही केला नाही.

मग मास्तर दुभाष्याला म्हणाले, "साहेब, मगाशी मी चुकीच्या प्रश्नाला हात केला. बदलून मिळेल का? मला शर्टाची बटणं लागत नाहीत आता. जन्मभर लोकांची काजं-बटणं केली, आणि आता सकाळी मुलगा मला घालतो शर्ट. त्याला वाटतं मला कळत नाही त्याला उशीर होतो ते."

हेडबाईंनी हात वर केला नाही. "माझं नाव घ्या लिहून. हात वर करायला मी काय विद्यार्थिनी आहे?"

"मी कामालाच आहे," कंडक्टर म्हणाले. "पण संध्याकाळी मला न्यायला यावं लागतं. बस कळते. उतरायचं कुठे ते कळत नाही."

दुभाषी एकेक वाक्य पलीकडे नेत होता, आणि त्याचा इस्त्रीचा आवाज जरा चुरगळला होता. तपासणीच्या बाईंनी टोपण पुन्हा काढलं. बराच वेळ लिहीत होत्या. एवढ्यावर केंद्र चालू ठेवता येईल, असं त्या जाताना म्हणाल्या. मात्र ज्यांनी स्वतः सांगितलं नाही त्यांनी चार दिवसांत ताईंना येऊन सांगावं, नाहीतर त्यांची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

हे दुभाषी सांगत होता तेव्हा सासूबाई कोट घालून जिन्याच्या तोंडाशी पोचल्या होत्या.

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. सूनबाई शेजारी बसली, उठली, पुन्हा बसली.

"किती जणांना माहीत होतं?"

"घरच्यांना. तुमच्या लेकालाही. त्यानेच सुचवलं."

"त्याच्यात एवढी अक्कल नाही. थापा मारताना तरी नवऱ्याला पुढे करू नकोस."

दोन-तीन थांबे गेले.

"सगळ्या घरांनी हेच सांगितलं?"

"सगळ्यांनी."

"आणि मी त्या मास्तरांना 'दमलात का, बसा जरा' म्हणायचे. तेही मला म्हणायचे." सासूबाईंनी पर्सची चेन उघडली आणि लावली. "केवढे हसले असाल तुम्ही लोक."

"नाही हो आई. हसायला वेळ कुठे होता?"

घरी आल्यावर सासूबाई आपल्या खोलीत गेल्या. जेवायला आल्या, जेवल्या, परत गेल्या. सूनबाईने उद्याचं विचारायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भांडी घासायला वळली. भांडी घासून झालेली होती.

सकाळी ती दारात उभी राहिली. आजवर सासूबाईच म्हणायच्या, चल. आज तिने विचारलं. "आई, याल का?"

"नको," सासूबाई म्हणाल्या. खुर्चीत बसून राहिल्या.

तिने लॅबला फोन लावला, आज यायला जमत नाही म्हटलं. पलीकडे मालक फक्त खोकला. मग तिने चपला काढल्या आणि दिवसाला सुरुवात झाली.

तिने ओटा पुसला. खिडकी उघडली, गार वाटलं म्हणून लावली, कोंदट वाटलं म्हणून उघडली. सासूबाईंना चहा दिला आणि तो पिऊन व्हायच्या आत कप धुवायला मागितला. गॅस बंद आहे ना ते पाहून आली. पुन्हा पाहून आली. "पाणी हवंय?" "नको." "उशी देऊ पाठीला?" "नको." "पाय दुखतायत?" "नव्हते दुखत." तिने कपाट रिकामं केलं, घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या. सासूबाई मोरीत गेल्या तर ही दाराबाहेर उभी. त्या बाहेर आल्या तर ही पुढे. जेवण झाल्यावर सासूबाईंनी डोळे मिटले, तर हिने वाकून त्यांच्या नाकाशी श्वास पाहिला.

सासूबाईंनी डोळे उघडले. "जिवंत आहे."

"नाही, मी सहज—"

"अगं, किती भिरभिरतेस! पायाला भिंगरी लावल्यासारखी. तू घरात असलीस की मला काही सुचत नाही. रोज माझ्याविना असंच करतेस की काय तिकडे दातांपाशी?"

"असंच करायची, रोज. तुम्ही केंद्रात जायला लागण्याआधी."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सूनबाईने टेबलावरचं पुसलेलं पुन्हा पुसलं.

"आण माझा कोट," त्या म्हणाल्या. "आणि पर्स नको. पर्स घेऊन काय जायचं तिथे."

दुपार कलली होती. वाचनालयाचा जिना सासूबाई दम खात खात चढल्या, आणि सूनबाईने हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही, पण झिडकारलाही नाही.

हॉलमध्ये मास्तर दाराजवळच होते. "उशीर केलात आज," ते म्हणाले.

"काय करणार? घरी सून होती. सकाळपासून तिलाच सांभाळत होते," सासूबाई म्हणाल्या. "फार अस्वस्थ आहे पोर."

ताई समोर आल्या. विचारावं की नको या विचारात हात चोळत होत्या. "मग तुमचं... काय लिहू, आई?"

"लिहा, हिच्या जिवाला घोर लागतो म्हणून येते. गरज हिला आहे."

"तसं नाही चालत हो. तुमची लागते."

सासूबाई खिडकीकडे बघत होत्या. सूनबाईकडे पाठ होती. पदर एकदा सारखा केला, मग भरभर, जणू तोंडातला खडा थुंकतात तसं म्हणाल्या, "मला घर विसरायला होतं. घराबाहेर पडले की घर कुठे ते जातं डोक्यातून. झालं? लिहिलंत?"

"लिहिलं."

"मग तू इथे काय उभी आहेस?" हे सूनबाईला होतं, मागे वळून न बघता. "जा की."

सूनबाई निघाली. जिना उतरताना वरून सासूबाईंचा आवाज यायला लागला. त्या कुणाला तरी झापत होत्या, की कुणी त्यांना झापत होतं, नीट कळेना. ती थांबली. एक पायरी वर चढली, कान दिला. मग उतरली. पुन्हा थांबली. खाली रस्त्यावर बस येऊन उभी राहिली होती आणि ड्रायव्हर तिच्याकडेच बघत होता, बाई येते आहे की नाही म्हणून.